रोल नंबर एकेचाळीस

सावद्याच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
एप्रिलात भिंतीला पाठ टेकवत नाही अशा लॅबमध्ये
मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. तासिका तत्त्वावर.
म्हणजे मलाही वेळ तुकड्यातुकड्यानंच मिळतो.

मशीन बारा. चालू नऊ. पोरं एकेचाळीस.
प्रोसेसर थोडे, प्रोसेस फार,
हे फळ्यावर काढायची गरज पडत नाही.
वीस मिनिटं झाली की म्हणतो, उठा.
कुठवर आलात ते वहीत लिहा आणि उठा,
पुढच्या पाळीला तिथूनच सुरू.
पुढच्याला खुर्ची अजून गरम लागते.

कर्नल म्हणजे काय, हर्षल वारकेनं विचारलं होतं.
पुस्तकात चित्र आहे, वर्तुळात वर्तुळ, चिरलेल्या कांद्यासारखं.
मी म्हटलं, लग्नात तुमच्या कोठीवर कोण बसतं?
"जिभाऊ."
पंगतीत दिसतात? "नाही."
आचारी कोठीत शिरतो? "हात मोडतील ना, सर!"
मग तुपाचं काय करतो?
दारातून मागतो. जिभाऊ मोजून देतात,
वहीत टिपतात, कडी लावतात.
तो उंबरा लक्षात ठेवा.
आचाऱ्यानं रस्सा करपवला तर एक पातेलं जातं,
जिभाऊंना चक्कर आली तर अख्खं लग्न.

डेडलॉकपाशी मात्र मी दरवर्षी अडतो.
पुस्तकात पाच तत्त्वज्ञ गोल टेबलाशी बसलेत
आणि दोन-दोन काट्यांवाचून उपाशी आहेत.
आमच्याकडे काट्यानं कुणी जेवत नाही.
मागच्या बाकावरून आवाज आला. कुंजल झोपे.

"सर, भरताच्या पार्टीत झालं होतं हे.
वांगी भाजून झाली, पऱ्हाट्या विझल्या.
आत्याला तिखट भरीत कुटायचं, काकूला पोरांसाठी फिकं.
बडगी आत्यानं धरली, मुसळ काकूनं.
आत्या म्हणे, मुसळ दे, मग बडगी देते.
काकू म्हणे, बडगी पह्यले.
बारशापासून बोलणं नव्हतं दोघींत.
साठ माणसं केळीच्या पानापुढे, वांगी थंडगार."

मग?

"मग मोठ्या काकांनी नियमच केला.
आधी बडगी, मग मुसळ.
बडगी नाही त्यानं मुसळाला शिवायचंच नाही.
भांडतात अजून. पण भरीत गरम मिळतं."

मी खडू खाली ठेवला.
इतके दिवस बोलली का नाहीस?

"नंबरच येत नाही, सर. झोपे म्हणजे झेड.
तुम्ही ए पासून धरता, महाजनपर्यंत येता,
की घंटा होते, नाहीतर लाइट जाते.
मराठीत हजेरी असती तर
झ कुठंतरी मधेच आला असता."

हजेरी उघडली. जूनपासून मशीनवर तिची पाळी:
तीनदा.
पुस्तकात याला शब्द आहे, स्टार्व्हेशन. उपासमार.
पुढच्या पानावर उपायही आहे:
जो जितका ताटकळला, त्याचा अग्रक्रम तितका वाढवत न्यायचा.
त्यानं मागायला नको, कुणाची चिठ्ठी आणायला नको.
वाट पाहिली, एवढी पात्रता पुरे.
एजिंग, मी फळ्यावर लिहिलं,
आणि लिहिताना हात जरा रेंगाळला.
चौदा वर्षं झाली मला, तासिका तत्त्वावर.

तेवढ्यात लाइट गेली.
नऊ पडदे एकदम काळे. "व माय!"
असा एकच सूर, सेव्ह न केलेल्यांचा.
ज्यांनी केलं होतं ते गप्प वारा घेत बसले.
खालून केळीचा ट्रक गेला, बराच वेळ ऐकू येत राहिला.

लाइट आली तेव्हा म्हटलं, आज एकेचाळीसपासून.
खुर्ची ओढल्याचा आवाज.
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकू लागली.
"किती वेळ बसू, सर?"
वीस मिनिटं, अगदी ओठांवर आलं होतं.
बस, म्हणालो.